कवचातले अमीबा आणि माझी शंभर टक्के तपासणी

९ जानेवारी

दिवाळीत व्हीआरएस घेतली. तेव्हापासून दापोडीच्या या घरात माझं काम काय, तर दूध उतू जाऊ न देणं. तेही एकदा गेलंच. रश्मी म्हणाली, "तुम्ही डायरी लिहा. निदान गॅसपासून लांब राहाल." रश्मी म्हणजे आमच्या मंडळी. दवाखान्यात नर्स आहेत आणि पेशंटशी बोलतात तशाच नवऱ्याशी बोलतात.

तर लिहितो. मी धम्मरत्न गायकवाड. चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. गिअरच्या दात्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी माझ्या नजरेतून सुटायची त्याची बिशाद नव्हती. बढाई म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो.

सध्या घरात एकच विषय आहे: अपेक्षाचा प्रोजेक्ट. अपेक्षा आमची एकुलती एक, चिंचवडच्या कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. विषय आहे शेवाळातले कवचधारी अमीबा. खालच्या मजल्यावरचे मारुतराव, माझ्याच कंपनीतले, म्हणाले, "राव, अमीबा म्हणजे तो जुलाबाचा ना?" म्हटलं, तो वेगळा. हे शेवाळात राहतात आणि स्वतःभोवती कवच बांधतात. कुणी बाटलीसारखं, कुणी उपड्या वाटीसारखं, कुणी वाळूचे कण चिकटवून. जीव गेला तरी कवच राहतं. कवच बघून जात ओळखायची. अपेक्षा आतून ओरडली, "प्रजाती म्हणा बाबा, प्रजाती! आपल्या घरात तो दुसरा शब्द नको." बरोबर आहे तिचं.

१२ जानेवारी

आज पोरीनं मला मायक्रोस्कोपला बसवलं. मायक्रोस्कोप व्हीआरएसच्या पैशांतून मीच घेऊन दिलाय, त्यामुळे तसा माझाही हक्क आहे.

शेवाळ साधं नाही, दलदलीतलं आहे. न्यूझीलंडहून वाळवून, दाबून येतं आणि ऑर्किडच्या कुंड्यांत भरतात. मोशीच्या पुढे शालनबाईंचं पॉलिहाऊस आहे. त्यांनी यंदा सगळ्या कुंड्या बदलल्या, तेव्हा जुन्या शेवाळातलं थोडं अपेक्षानं मागून आणलं. तिचा प्रश्न असा: बरीच कवचं तिकडूनच रिकामी आली असणार. पण काही अमीबा त्या वाळक्या शेवाळात निजून आले आणि इथल्या पाण्यावर जागे झाले का? कोणतं कवच रिकामं, कोणतं भरलेलं, ते मोजायचं.

रश्मी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमच्यासारखंच की. परभणीहून वाळून आलात आणि दापोडीच्या पाण्यावर फुगलात."

पहिल्याच बैठकीत मी आर्सेला ओळखला (उपडी वाटी, मधोमध भोक), नेबेला ओळखला (पारदर्शक बाटली) आणि वाळूवाला डिफ्लुजियासुद्धा. अपेक्षा म्हणाली, "नजर भारी आहे बाबा तुमची. पण घाई करता." घाई नाही, त्याला स्पीड म्हणतात.

एकच गोष्ट खटकली. काही कवचांत करडा लगदा, काहींच्या तोंडाशी कचरा, सगळीकडे शेवाळाचे तुकडे. मी म्हटलं, "माल फार घाण आहे गं." ती हसली आणि म्हणाली, "बाबा, तो माल नाही." मग तिचा फोन आला आणि विषय तिथेच राहिला.

२३ जानेवारी

मायलेकी परभणीला गेल्या. साडूच्या मुलीचं लग्न आहे. साडूचा आणि माझा छत्तीसचा आकडा, तेव्हा मी आनंदानं मागे राहिलो. कारणही चांगलं मिळालं: शेवाळाला पाणी मारायला कुणीतरी हवं.

बाथरूमच्या खिडकीत आइस्क्रीमचे दोन डबे ठेवलेत. एकावर "काम" लिहिलंय, दुसऱ्यावर "राखीव". निघताना अपेक्षानं बजावलं, "सकाळ-संध्याकाळ फवारा मारा. बाकी हात लावू नका. राखीवचं झाकण तर पाण्यापुरतंच उघडा." रश्मी म्हणाली, "गॅससुद्धा कमीच लावा." दोघी मला काय समजतात कोण जाणे.

२४ जानेवारी

फवारा मारला. मग म्हटलं, एक स्लाइड बघू या. बघितली आणि जीव हळहळला. असल्या घाणीतून पोरगी महिनाभर मोजत बसणार आणि डोळे खराब करून घेणार. हिला कुणी सांगितलंच नाही की धुतल्याशिवाय तपासायचं नसतं. आमच्याकडे ट्रेनीला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो: आधी वॉशिंग, मग गेज लावून माप. ग्रीस लागलेला गिअर आणि धुतलेला गिअर एकच असतो, धुतल्यावर फक्त खरा दिसतो.

उद्या तिचं काम अर्धं करून ठेवतो. बापाचा एवढा तरी उपयोग.

२५ जानेवारी

फत्ते! शेवाळ पातेल्यात घेतलं, पाणी घातलं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि चांगली उकळी आणली. चहाच्या गाळणीनं काड्या काढल्या. खालचं पाणी ग्लासात ठेवून गाळ बसू दिला. वरचं ओतलं, पुन्हा धुतलं. मग बसलो मायक्रोस्कोपला.

काय ती कवचं! लगदा नाही, कचरा नाही. नेबेलाच्या अंगावरचे खवले एकेक दिसतात. मी एकटाच होतो तरी मोठ्यानं "वा रे पठ्ठे" म्हणालो.

मग राखीवच्या डब्याचा प्रश्न आला. थोडा विचार केला, नाही असं नाही. पण दहातला एक बघून अख्खा लॉट पास करणाऱ्यांचा माल कस्टमरकडून कसा परत येतो, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी पहिल्यापासून शंभर टक्के तपासणीचा माणूस. दुसरा डबाही घेतला.

एकेका स्लाइडला लेबल लावलं. चांगल्याला हिरव्या पेननं "ओके", बाकीच्यांना लाल पेननं "रिजेक्ट" आणि पुढे कारण: "कड तुटली", "फुटका", "आत गोळा, निघत नाही". डबे घासून पालथे घातले. पातेलंही घासलं.

उद्या रात्री निघतील. परवा पोरगी बघेल आणि नाचेल.

२७ जानेवारी

नाचली नाही.

बॅग खाली ठेवली आणि आधी बाथरूममध्ये गेली. बाहेर आली ती दोन्ही डबे हातात घेऊन. "बाबा, शेवाळ कुठंय?" मी टेबलावरचा स्लाइडचा बॉक्स उघडून दाखवला. तिनं एक स्लाइड लावली, बघितली, दुसरी लावली.

"उकळलं?"

"उकळल्याशिवाय मळ सुटतो का?"

"राखीवपण?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

ती खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. प्रवासानं दमली असेल. पण मला बरं वाटत नाहीये.

२८ जानेवारी

रश्मीनं सकाळी चहाचा कप समोर ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं, "तो मळ नव्हता. ते अमीबा होते. जिवंत. पोरीला तेच मोजायचे होते. तुम्ही दोन्ही डबे शिजवलेत."

मी म्हटलं, "पण कवचं तर..."

"कवचंच राहिली."

सबंध आयुष्यात जे जे तपासलं, ते धुतल्यानं मरणारं नव्हतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती मला स्वच्छ सांगून गेली होती की हात लावू नका.

दुपारी शालनबाईंना फोन केला. जुनं शेवाळ सगळं खतखड्ड्यात गेलंय आणि वरून शेणखत पडलंय. घोडं तिथेच अडलं. मला माझीच लाज वाटली.

३१ जानेवारी

अपेक्षा आज पहिल्यांदा नीट बोलली. दिपाली मॅडम म्हणजे तिच्या गाइड. त्यांना सांगून आली.

"काय सांगितलंस?"

"नमुना गेला म्हणून."

"कसा गेला तेही?"

"तेही."

"चिडल्या असतील माझ्यावर."

ती चपलांकडे बघत म्हणाली, "तुमच्यावर नाही चिडल्या, बाबा."

समजूतदार बाई दिसतात. मला जरा हलकं वाटलं. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

६ फेब्रुवारी

हे काही बरोबर चाललेलं नाही. अपेक्षाला बंगळुरूच्या एका संस्थेत संशोधनासाठी अर्ज करायचाय. दोन वर्षांपासून तिच्या डोक्यात तेच आहे. त्याला मॅडमची शिफारस लागते. मॅडमनी आज सांगितलं, "सध्या नाही देणार." माझ्या चुकीसाठी पोरीला शिक्षा? मी तावातावानं बोलायला लागलो, तर अपेक्षा म्हणाली, "बाबा, प्लीज, कॉलेजात येऊ नका." रश्मीनं मला डोळ्यांनी दटावलं. मायलेकी माझ्यापासून काहीतरी लपवतायत, पण मी काही दूधखुळा नाही. त्यांना वाटतंय मी तिथे जाऊन भांडेन.

भांडणार नाही. स्लाइडचा बॉक्स घेऊन जाईन. काम कसं आहे ते बघितल्यावर बाई नरमतील.

७ फेब्रुवारी

बॉक्स घेऊन कॉलेजात गेलोच.

दिपाली मॅडम माझ्या अंदाजापेक्षा तरुण निघाल्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी माझं भाषण सुरू करणार, तेवढ्यात त्याच बोलल्या, "तुमची मुलगी हुशार आहे हो, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. जिवंत नमुना उकळायचा? आणि राखीवसुद्धा? विचारलं तर म्हणते, घाई झाली, डोक्यातच आलं नाही. अशा मुलीला मी दुसऱ्याच्या लॅबमध्ये कोणत्या तोंडानं पाठवू?"

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतायत. मग कळलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. पोरीनं माझं नावच घेतलं नव्हतं. बापाची अक्कल चारचौघांत निघू नये म्हणून सगळं अंगावर घेऊन घरी आली होती. आणि मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

"मॅडम, ते मी केलं," मी म्हणालो.

त्या हसल्या. "काका, पालक असं म्हणतातच. मागच्या वर्षी एकांनी मुलाचा अख्खा रिपोर्ट आपण बुडवला म्हणून सांगितलं होतं."

आता आली का पंचाईत! आयुष्यभर माझ्या शब्दावर माल पास झाला आणि इथे मी स्वतःलाच रिजेक्ट करतोय तर कुणी मानायला तयार नाही. शेवटी बॉक्स उघडला. "बघा तर."

मॅडमनी स्लाइड उचलली आणि लेबल वाचलं. दुसरी वाचली. तिसरीला त्यांना हसू आवरेना. "रिजेक्ट? कड तुटली?" मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कुठे होता कामाला?"

"इन्स्पेक्शनला. चाकण."

"हे अपेक्षा कधीच लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. आणि मग हसणं थांबलं. "तिनं मला का नाही सांगितलं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि "आत गोळा, निघत नाही" ही स्लाइड लावली. बराच वेळ बघत होत्या. "हा गोळा म्हणजे अमीबा स्वतःला आक्रसून निजतो, तो असावा. पण उकळल्यावर त्याच्यावर भरवसा नाही ठेवता येत. तो इथे जिवंत होता की मेलेलाच आला, कोण सांगणार? ताजा नमुना मिळवा. मार्चअखेरपर्यंत वेळ आहे. शिफारशीचं मी बघते."

घरी येऊन अपेक्षाला एवढंच म्हटलं, "मी जाऊन आलो." ती रडली. मीपण. रश्मी म्हणाली, "झालं? आता दोघं जेवा."

९ फेब्रुवारी

शालनबाईंकडे गेलो. पॉलिहाऊसच्या बाहेर घर आहे, आणि घराच्या दारातच एक कुंडी टांगलेली, पांढऱ्या फुलांनी वाकलेली. मी बाहेरूनच ओळखलं, हे शेवाळ जुनं आहे. अपेक्षानंही ओळखलं.

शालनबाई म्हणाल्या, "त्येला न्हाई हात लावायचा. ह्यांनी लावलेलं पयलं झाड हाय." ह्यांनी म्हणजे चिमाजीरावांनी, त्यांच्या मालकांनी. ते जाऊन दोन पावसाळे झाले. सगळ्या कुंड्या बदलल्या, पण ही तेवढी बदलली नाही. "आन फुलं हायेत तवर मुळांशी खेळायचं न्हाई, ह्ये त्येंचंच सांगणं."

ऑर्किडची फुलं महिनोन्‌महिने टिकतात. मी समजावायला लागलो. म्हटलं, बाई, वाटल्यास नवं शेवाळ मी विकत आणून देतो, कुंडी अलगद उतरवू, मी स्वतः धरतो...

"बाबा, तुम्ही रस्त्यावर थांबा," अपेक्षा म्हणाली. मॅनेजरचीही मला असं बोलायची हिंमत झाली नव्हती. गेलो. फाटकापाशी उभा राहिलो.

तिथून दिसत होतं. ती काही मागत नव्हती. फुलांकडे बघून शालनबाईंना काहीतरी विचारत होती आणि त्या सांगत होत्या. बराच वेळ चिमाजीरावांबद्दलच बोलणं चाललं असावं, कारण बाई एकदा हसल्या आणि एकदा पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनीच स्टूल आणलं. अपेक्षा स्टुलावर चढली आणि चिमट्यानं कडेचं शेवाळ काढलं, चिमूटभर, आमटीत हिंग घालतात तेवढं. मी फाटकातून ओरडणार होतो की एवढ्यानं काय होणार, जास्त घे. नाही ओरडलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

निघताना शालनबाई मला म्हणाल्या, "पोरगी शानी हाय तुमची. तुमी जरा तापट दिसता."

१३ फेब्रुवारी

नमुना अपेक्षाच्या खोलीत आहे. मी त्या खोलीत जात नाही. झाडूसुद्धा तीच मारते.

मारुतरावांनी विचारलं, "राव, काय सापडलं का?" म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

२ मार्च

रविवार. मी पेपर वाचत होतो. आतून हाक आली, "बाबा, या. हात मागे बांधून या."

खरंच मागे बांधले. डोळा लावला. बाटलीसारखं कवच, नेबेला. म्हटलं, ओळखीचा आहे. "थांबा," ती म्हणाली, "घाई करू नका." थांबलो. काहीच होईना. कुणी अडवलं नसतं तर मी केव्हाच ओके करून पुढची स्लाइड घेतली असती.

मग बाटलीच्या तोंडातून काहीतरी पारदर्शक बाहेर आलं. बोटासारखं. सावकाश पुढे सरकलं, कुठेतरी टेकलं आणि अख्खी बाटली स्वतःकडे ओढून घेतली. आतला करडा लगदा हलत होता. त्याच लगद्याला मी साबण लावला होता.

"जिवंत आहे," मी म्हणालो.

"आहे. आणि हा एकटा नाही. तीन प्रजाती इथे जगतायत, बाबा."

मी डोळा काढला नाही. काढला असता तर पोरीनं माझं तोंड बघितलं असतं. तिनं माझ्या पाठीमागे बांधलेल्या हातांवर थोपटलं.

२४ मार्च

शिफारस गेली. बंगळुरूहून मुलाखतीचं बोलावणं आलंय. रश्मीनं दवाखान्यात पेढे वाटले. मी म्हटलं, अजून निवड व्हायचीय. ती म्हणाली, "पेशंटनी विचारलं नाही, तुम्ही कशाला विचारता?"

संध्याकाळी अपेक्षा रिपोर्टवर शेवटचा हात फिरवत होती. रिपोर्ट इंग्रजीत आहे, ती मला मराठीतून सांगत होती. एका ठिकाणी अडखळली. पहिल्या नमुन्याबद्दल तिनं लिहिलं होतं, "हा नमुना चुकीने उकळला गेला."

"कुणाकडून?" मी विचारलं.

"असंच लिहितात, बाबा. लायब्ररीत राहणार आहे हे. लोक वाचतील."

मी म्हटलं, आमच्याकडे तपासणाऱ्याचं नाव नसलेला रिपोर्ट टेबलावरूनच परत यायचा. बरोबर असो की चूक, खाली नाव पाहिजे. एकदा तू माझं नाव घेतलं नाहीस तर तुझी शिफारस कशी अडली, ते मी बघून आलोय. लिही.

तिनं टाइप केलं. वाचून दाखवलं: "पहिला नमुना माझे वडील श्री. धम्मरत्न गायकवाड यांनी मला न विचारता उकळला."

"'न विचारता' हवंच का?"

"हवंच."

"बरं," मी म्हणालो.

२९ मार्च

रिपोर्ट बांधून आला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. आभाराच्या पानावर माझं नाव आहे, पण तिथे सगळ्यांचंच असतं, अगदी झेरॉक्सवाल्याचंसुद्धा. मी आतलं पान शोधलं. बोट ठेवून खाली मारुतरावांकडे घेऊन गेलो.

मारुतरावांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. "राव, यात तर तुमची चूक लिहिलीय."

"माझीच आहे," म्हटलं, "आणि पोरीनं नाव बघा किती स्वच्छ छापलंय." मग पलीकडच्या बिऱ्हाडातही दाखवून आलो.